लिटरला वीसची गाडी

हसू नका, पण देवासला पहिली गाडी घेतली तेव्हा जाहिरातीतल्या लिटरला वीसच्या ॲव्हरेजवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला होता. मिळत होतं तेरा! आई आणि बायकोसकट शोरूमला जाऊन भांडलो. सेल्समन म्हणाला, "चलो भिया, चला के दिखाता हूँ."

पठ्ठ्याने लिटरभर पेट्रोल मोजून घातलं, भर मे महिन्यात एसी बंद करून काचा चढवल्या. वर म्हणतो, "वजन ज़्यादा है, माताजी और भाभीजी को उतार दो."

आई बिचारी उतरायलाही लागली. माझं डोकंच फिरलं. "अरे, तुम्हारे ऐड के फोटो में पाँच लोग बैठे हैं, छत पे सामान है!"

तो शांतपणे म्हणाला, "भिया, फोटो में गाड़ी खड़ी है."