जंतूंना मळी

माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेबाहेर बाकावर एक बाई कुंडीतली माती घेऊन बसल्या होत्या. शेजारी म्हातारा मेकॅनिक आणि त्याची बायको. त्यांचं बोलणं कानावर पडतच होतं.

"तीस वर्षं गाड्यांचं काळं ऑइल अंगणात ओतलंत तुम्ही."

"म्हणून तर वर्षभर साखर कारखान्यातल्या मळीचं पाणी घालतोय ना! मळीवर मातीतले जंतू पोसतात आणि ऑइल फस्त करतात. खणायची भानगडच नाही."

"बघू काय दिवे लावलेत त्यांनी."

"मला चहात चिमूटभर साखर नाही, आणि त्यांना बादलीभर मळी!"

"ते काम करतात."

"आणि बादल्या कोण वाहतं?"

"ज्यानं ओतलं त्यानंच निस्तरायचं."

"रिपोर्ट वाईट आला तर गं?"

"तर लेक नातीला आणायची नाही. रांगतं पोर, दिसेल ती माती तोंडात घालतं."

आतून म्हाताऱ्याला हाक आली. तो कागद घेऊन आला, पण चष्मा घरी राहिला होता. त्यानं कागद बाईंपुढे धरला.

"ऑइल मर्यादेच्या आत. जमीन वापरायला हरकत नाही," बाईंनी वाचलं.

"पुन्हा वाचा हो," म्हातारी म्हणाली.

बाईंनी पुन्हा वाचलं. म्हाताऱ्यानं तिथूनच फोन लावला.

"ये गं पोरी. आता तिला कडेवरून खाली सोडलंस तरी चालेल."