शेवटच्या नंबरचा फोन

सासूबाई : म्हणजे दिवसभर फोन ठणठणीत, आणि दिवेलागणीला मी लेकीला फोन लावायला बसले की हा मान टाकतो. योगायोगच म्हणायचा ना, जावईबापू?

जावई : आई, तुमच्या फोनला वेगळी वीज नाही. नेटवर्कच्या वायरीतूनच त्याला वीज मिळते, आणि ती वाटतो हा स्विच.

सासूबाई : हा डबा?

जावई : हाच. वृद्धाश्रमातले कॅमेरे, वायफाय, खाटांजवळच्या घंट्या, सगळे याच्याच जिवावर. अंधार पडला की कॅमेऱ्यांचे रात्रीचे दिवे लागतात, त्यांची भूक वाढते. मग याला वीज पुरत नाही. ज्याचा नंबर शेवटचा, त्याची वीज हा तोडतो.

सासूबाई : आणि शेवटचा नंबर मेट्रनबाईंचा, म्हणजे माझा.

जावई : हो.

सासूबाई : नंबर लावले कुणी?

जावई : स्विचला कुणीतरी सांगावंच लागतं, आई.

सासूबाई : कुणी, ते विचारलं मी.

जावई : मी.

सासूबाई : तरीच. लेक सांगत होती, हे म्हणतात हल्ली घर कसं शांत वाटतं.

जावई : ते शेजारचं बांधकाम संपलं म्हणून म्हणालो.

सासूबाई : असेल. आता मला पहिला नंबर द्या.

जावई : देतो. खाली कुणाला ढकलू, तेवढं सांगा. घंट्या?

सासूबाई : भलतंच काय. परवा मास्तरांच्या छातीत दुखलं, तेव्हा घंटा वाजली म्हणून तर धावलो सगळे.

जावई : फाटकावरचा कॅमेरा?

सासूबाई : नको. आमचे शिंपीआजोबा अनवाणीच निघाले होते बाहेर. कॅमेऱ्यात दिसले म्हणून कोपऱ्यावरून परत आणता आले.

जावई : मग हॉलमधलं वायफाय.

सासूबाई : त्याच वेळी तर सगळ्याजणी नातवंडांशी बोलत बसतात. एकीचा नातू आठवड्यातून एकदा दिसतो पडद्यावर, त्यासाठी ती दुपारपासून केस विंचरून बसते. राहू द्या. माझा नंबर आहे तिथेच बरा आहे.

जावई : तुम्ही समजून घेतलंत, बरं वाटलं.

सासूबाई : न समजायला काय झालं? मोठा स्विच कधी येईल?

जावई : विश्वस्तांनी मंजुरी दिली की. दोन-तीन महिने सहज जातील.

सासूबाई : जाऊ देत. तोवर संध्याकाळची मीच येत जाईन तुमच्याकडे. लेकीशी समोरासमोर बोलणं होईल. जेवूनच निघत जाईन म्हणते.

(जावई मिटलेला लॅपटॉप पुन्हा उघडतो.)

जावई : आई, व्यायामाच्या खोलीतला फोन संध्याकाळी कोण उचलतं?

सासूबाई : भुतं. पाचला कुलूप लागतं तिथे.

जावई : आणि ऑफिसातले फोन?

सासूबाई : तिथेही कुलूपच.

जावई : मग त्यांना वेळ बांधून देतो. रोज संध्याकाळी वीज आपोआप बंद, सकाळी चालू. वाचली ती तुमच्या फोनला. हे बघा, झालंसुद्धा.

सासूबाई : एवढं सोपं होतं?

जावई : आत्ताच सुचलं.

सासूबाई : कशानं सुचलं, तेही दिसलं मला. थांबा, अंधार पडलाय, लावूनच बघते. हॅलो, अगं मीच. हो, लागला एकदाचा. तुझ्या नवऱ्यानंच नीट केला, गुणाचा आहे हो. नाही गं, फोन लागला म्हणून काय झालं? भाजी जरा जास्त टाक, निघालोच आम्ही.