टपावरचं कॅरिअर आणि चार पिवळ्या रेघा

जबाब देणार : वेल्डरदादा (सर्वजण याच नावाने ओळखतात, पूर्ण नाव ठाण्याच्या नोंदवहीत दिले आहे), वय ६४ वर्षे, धंदा गाड्यांचे लोखंडी काम, राहणार वर्कशॉपच्या माळ्यावर.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी एकटा राहतो. शिक्षण चौथीपर्यंत. काम बघून बघून शिकलो. रस्त्यापलीकडचे काचा लावलेले, गाड्यांच्या तयार सामानाचे दुकान माझ्या धाकट्या भावाचे आहे. तो पंधरा वर्षे माझ्या हाताखाली होता, तीन वर्षांपूर्वी वेगळा झाला. भांडण झाले नाही. बोलणे कमी झाले.

जमीन मोजणीच्या मॅडम अकरा वर्षे माझ्याकडे गाडी आणतात. त्यांच्या जीपचा फायबरचा टप काढता-घालता येतो. त्यांना शिडी, मोजणीच्या तिवया आणि पाण्याचे कॅन नेण्यासाठी टपावर कॅरिअर हवे होते. मी त्यांना माझ्या स्टुलावर बसवून, खडूने फरशीवर चित्र काढून सांगितले की, अशा गाडीला टपाच्या कडेला चिमटे लावून कॅरिअर बसवू नये. सगळे वजन टपावर येते, आणि टप बिचारा स्वतःच सहा बोल्टांवरचा पाहुणा. त्यापेक्षा कॅरिअरचे पाय खाली बॉडीला घ्यावेत, ते टपाला न टेकता उभे राहावे, मग टप कधीही काढा. आठ दिवस लागतील म्हणालो. मॅडम म्हणाल्या, विचार करते.

मंगळवारी सकाळी जीप धाकट्याच्या दारात दिसली. मॅडम काचेच्या आत, गादीच्या खुर्चीत चहा घेत होत्या. मी सहज गेल्यासारखा गेलो. धाकटा म्हणाला, "दादा, तुझं कॅरिअर म्हणजे गाडीवर पलंग उलटा टाकल्यासारखं. हे बघ, काळंभोर, हलकं. संध्याकाळी गाडी तयार." मॅडम हसल्या. मीही हसलो.

पाना घेऊन जीपजवळ गेला होतात काय, असे विचारले असता सांगतो की, होय. शेजारच्या शिंप्याने मला पाहिले ते खरे आहे. दुपारचा एक वाजला असेल. धाकटा जेवायला गेला होता. कॅरिअर बसवून झाले होते, आणि चिमटे टपाच्या कडेलाच होते. मी मागच्या चिमट्याच्या बोल्टला पाना लावून पाहिला. बोल्ट घट्ट होता, जेवढा हवा तेवढाच. मला त्याचा राग आला. मग उरलेले तीनही पाहिले. तेही तसेच. बोल्ट आवळला की नटावरून खालच्या पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढायची, ही माझ्या दुकानाची पद्धत. बोल्ट केसभर फिरला तरी रेघ तुटते. ती पद्धत मीच धाकट्याला शिकवली. चारही बोल्टांवर रेघा होत्या. एक ओली होती, माझ्या अंगठ्याला लागली. मी परत आलो. त्या दिवशी जेवलो नाही.

पाच वाजता मॅडम रस्ता ओलांडून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "दादा, एकदा नजर टाका ना. तुम्ही बरं म्हणालात की मी निर्धास्त." मी जागचा उठलो नाही. "झकास बसलंय," असे म्हणालो.

धोका दिसत असून सांगितले का नाही, असे विचारले असता, सांगण्यासारखे काही नाही.

थोड्या वेळाने सांगतो की, साहेब, पोटात दुखत होते माझ्या. अकरा वर्षे त्या माझ्या स्टुलावर बसल्या. त्या दिवशी उभ्या उभ्याच विचारून गेल्या.

गुरुवारी सकाळी उतारावर वारा भरून मॅडमच्या चालत्या जीपचा टप कॅरिअरसकट उडाला. मागून सायकलवर येणाऱ्या एका मास्तरांच्या खांद्याचे हाड मोडले. मी दवाखान्यात जाऊन त्यांना भेटलो. ते म्हणाले, "तुमचा काय संबंध?" बोल्ट कोणीतरी ढिले केले आणि दादा पाना घेऊन फिरत होता, असे धाकट्याने ठाण्यात सांगितल्याचे मला त्याच दिवशी कळले.

आज ठाण्याच्या आवारात तो टप आम्हा दोघांसमोर ठेवण्यात आला. कॅरिअर टपाला अजून घट्ट धरून आहे. टपच गाडीच्या त्या सहा बोल्टांपाशी फाटून निघाला आहे. धाकटा वाकून रेघेजवळचा पिवळा ठसा बघत होता. म्हणाला, "दादा, हा अंगठा तुझा."

"माझाच."

"आणि रेघ?"

"तूच बघ. चारही अखंड आहेत."

त्याने उकिडवे बसून चारही रेघांवरून बोट फिरवले. मग म्हणाला, "म्हणजे तू नाहीस. मीच चुकीचं बसवलं."

मी म्हणालो, "बसवलंस तू. झकास म्हणालो मी."

त्यावर धाकट्याने हवालदारांना विनंती केली की, दादाचे ते बोलणे जबाबात घेऊ नका, बोलण्याने काही टप उडत नाही. मी त्याला गप्प बस म्हणालो. तो गप्प बसला. पूर्वीही असाच बसायचा.

माझी धाकट्याविरुद्ध तक्रार नाही. मास्तर बरे होईपर्यंत त्यांना दवाखान्यात नेण्या-आणण्याचे काम मी माझ्या गाडीने करीन.

माझा चष्मा दुकानात राहिल्याने हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. 'झकास' हा शब्द आहे ना, याची मी दोनदा खात्री करून घेतली. तो आहे. बाकीचेही मी सांगितले तसेच व खरे आहे. म्हणून सही करीत आहे.