बुकोव्हेला लाइन क्लियर

ओटा : हात नको लावूस त्या कमानीला, रंग ओला आहे अजून. अशी वाकून बघ. गाडीत बसलेल्याला दिसेल तसं.

हेडविका : सुरेख झालाय पूल. किती कमानी?

ओटा : तेरा. सहा वर्षं गेली. एकेक दगड सुईनं कोरलाय. बायको होती तेव्हा म्हणायची, घराच्या भिंतींचे पोपडे निघतायत आणि हा बाबा पुठ्ठ्याच्या पुलाला गिलावा करतोय.

हेडविका : बाबांनी पाहिला होता?

ओटा : अर्धा झाला होता तेव्हा. म्हणाला, "ओटा, पूल झकास आहे. पण तो येतो कुठून आणि जातो कुठे?" खवचट म्हातारा! बस ना, हेडा. खसखशीचे कोलाच आणलेत, बेकरीतले गोड पाव, सकाळचेच आहेत.

हेडविका : नको, काका. खाली गाडी उभी करून आलेय. शेजाऱ्यांची मागितली, मागचं दार मोठं असलेली. फळी एक मीटर चाळीसची आहे, मावेल. मोजून आलेय.

ओटा : कुठली फळी?

हेडविका : बुकोव्हे. बाबांचं स्टेशन. परवा फोनवर बोललो आपण.

ओटा : हां, हां. बोललो खरं. पण आज कसं जमेल गं? ती खाली कोठारात आहे आणि किल्ली राडिमकडे.

हेडविका : आज गुरुवार, मॉडेल रेल्वे क्लबचा दिवस. राडिम येईलच की.

ओटा : आला तर आला. अध्यक्ष झाल्यापासून त्याचा काही नेम नाही. आणि मी म्हणतो, ब्र्नोला दोन खोल्यांत तू ते स्टेशन ठेवणार कुठे?

हेडविका : जेवायच्या टेबलावर.

ओटा : मग जेवणार कुठे?

हेडविका : एकटीला काय लागतं? ओट्यापाशी उभ्यानं होतं. काका, बाबांनी जाताना एवढं एकच मागितलं. घराचं काय, कपड्यांचं काय, एक शब्द नाही. "बुकोव्हे घरी ने," एवढंच. दोनदा म्हणाले.

ओटा : म्हणणारच. एकतीस वर्षं स्टेशनमास्तरकी केली तिथं. मला काय सांगतेस, खऱ्या बुकोव्हेतून शेवटची गाडी मीच काढली. त्यानं नोंदवहीत ओळ घातली, "बुकोव्हे कायमचं बंद. यापुढे गाडी घेऊ नये." सही केली. नियमात नव्हतं, तरी मला म्हणाला, तूही कर. मी खाली केली. मग दोघं गळक्या वेटिंग रूममध्ये बसून प्यायलो. दुसऱ्या दिवशी हा गडी पुठ्ठा आणायला बाजारात!

हेडविका : आईनं ओळखलं होतं. म्हणाली, आता हा स्वयंपाकघरात स्टेशन काढणार.

ओटा : धुक्यात मला इंजिनाचं नाक दिसायचं नाही, हेडा. पण तुझ्या बापानं, लुबोरनं, लाइन क्लियर दिला की मी बिनघोर गाडी घालायचो. आतल्या शंभर माणसांसकट. एकदाही त्याचा शब्द...

राडिम : नमस्कार मंडळी! अरे, हेडविकाताई? फार वाईट झालं हो. मी तेव्हा कामाला बाहेर होतो, अंत्यविधीला येता आलं नाही. बसा, बसा. मास्तरांची फार आठवण येते. एका संध्याकाळी मला अकरा वेळा ताटकळत ठेवलं होतं त्यांनी. मुठीएवढं इंजिन, पण "लाइन मोकळी नाही" म्हणजे नाही. एका लाइनीवर एकच गाडी!

हेडविका : घरीही तसंच होतं. बाथरूममध्ये कोणी असेल तर बाहेरून विचारायचे, "लाइन क्लियर?"

राडिम : हा हा! आणि ही त्यांची नोंदवही ना? क्लबला देताय?

हेडविका : नाही. ही स्टेशनबरोबर राहील. मी बुकोव्हे न्यायला आलेय. कोठाराची किल्ली तुमच्याकडे आहे म्हणे.

राडिम : कोठाराची? कोठारात तर खुर्च्या आहेत. ओटा, तू यांना सांगितलं नाहीस?

ओटा : राडिम, तू जरा पाणी ठेव बघू कॉफीला.

हेडविका : काय सांगायचं होतं?

राडिम : अहो, बुकोव्हे मार्चमध्येच काढलं. सहा तारखेला. प्लायवूडला ओल लागली होती, जुन्या वायरी, नव्या पद्धतीत काही बसेना. सभा घेतली रीतसर. पाच हात इकडे, पाच तिकडे. मग ओटानं... ओटा, मला वाटलं होतं तू हॉस्पिटलात जाऊन मास्तरांना सांगितलंस. तूच म्हणाला होतास, मी सांगतो.

हेडविका : सहा मार्च.

राडिम : हो.

हेडविका : बाबा एकोणीस मेला गेले. पंधरा मेपर्यंत दर गुरुवारी चार वाजता काका इथून फोन करायचे. "बुकोव्हे, प्रवासी गाडीला लाइन क्लियर देता?" मी बाबांच्या कानाशी फोन धरायचे. ते लाइन नंबर सांगायचे आणि लिहायचे. आठवड्याचा तेवढा एकच तास ते उठून बसायचे.

राडिम : जिन्यात उभा राहून बोलायचास ते हे? आम्ही समजत होतो, डॉक्टरशी बोलतोय.

हेडविका : मागून गाड्यांचा आवाज यायचा.

ओटा : दार उघडं ठेवायचो मी.

राडिम : मी... मी पाणी ठेवतो कॉफीला.

ओटा : हेडा, पोरी, ऐक. नाकात नळ्या घातलेल्या माणसाला काय सांगायचं होतं मी? तुझं स्टेशन करवतीनं कापलं म्हणून?

हेडविका : फोनचं मी समजू शकते, काका. कदाचित मीही तेच केलं असतं. मी सभेबद्दल विचारतेय. पाच-पाच झाल्यावर तुम्ही हात वर केलात?

ओटा : लाकूड कुजलं होतं गं. तू पाहिलं असतंस तर...

हेडविका : या पुलाखालची फळी किती लांब आहे?

ओटा : कुठली?

हेडविका : ही. तेरा कमानींची.

ओटा : असेल सव्वा, दीड...

हेडविका : टेप पर्समध्ये आहे माझ्या.

ओटा : एक मीटर चाळीस.

हेडविका : हं.

ओटा : सहा वर्षं एकेक कमान करून कपाटावरच ठेवत होतो, हेडा. दर वर्षी प्रदर्शन यायचं आणि दर वर्षी म्हणायचे, ओटा, तुझ्या पुलाला जागा कुठाय? आता पुढच्या आठवड्यात पुन्हा प्रदर्शन. मी बाहत्तर वर्षांचा झालो. वाटलं, लुबोर काही आता परत यायचा नाही इथं. तर मग...

हेडविका : ते जिवंत होते.

ओटा : हो.

हेडविका : सहा मार्चला त्यांनी सूप प्यायलं होतं. मला हसून म्हणाले, उन्हाळ्यात बुकोव्हेच्या छताला नवी कौलं बसवायचीत. कौलं मोजून ठेवली होती.

ओटा : नको सांगूस.

हेडविका : कापलं कोणी?

ओटा : मीच. म्हटलं, परक्या हातानं नको.

हेडविका : हे तुम्ही भलेपणा म्हणून सांगताय?

ओटा : नाही. काय म्हणून सांगतोय, मलाही कळत नाही. पण त्याचं शेवटपर्यंत समाधान राहिलं ना गं? तेवढं तरी? त्याला काही कळलं नाही.

हेडविका : मलाही तसंच वाटत होतं, पाच मिनिटांपूर्वीपर्यंत. ही वही मी चार वेळा वाचलीय. हॉस्पिटलातली पानं मला लागतच नव्हती. आता लागतायत. तेरा मार्च, शेऱ्याच्या रकान्यात, "सांधा बदलल्याचा आवाज नाही."

ओटा : सांधा?

हेडविका : गाडीची लाइन बदलताना बुकोव्हेचा जुना सांधा टक्क वाजायचा. वीस मार्च, "आजही नाही." सत्तावीस मार्च, "नाही." तीन एप्रिलला काहीच लिहिलं नाही. आणि मग दहा एप्रिल. तुम्हाला आठवतं दहा एप्रिल?

ओटा : त्या दिवशी तो गोंधळला होता. दोन नंबरवर मालगाडी घेतलेली, आणि प्रवासी गाडीही दोन नंबरवरच घ्या म्हणाला. मी म्हटलं, औषधांनी होतंय.

हेडविका : मीही तेच म्हटलं. बाहेर जाऊन नर्सला विचारलं, गुंगीचं काही दिलंय का. एका लाइनीवर दोन गाड्या, बाबा! मला रडू आलं होतं. तुम्ही काय म्हणालात त्यांना?

ओटा : म्हणालो...

हेडविका : इथं लिहिलंय. तुम्हीच वाचा.

ओटा : चष्मा नाही.

हेडविका : कपाळावर आहे.

ओटा : "दोन नंबरवर मालगाडी उभी. त्याच लाइनीवर प्रवासी गाडी घेतली. ओटा म्हणतो, दोन्ही वेळेवर आल्या, सगळं ठीक."

हेडविका : सगळं ठीक.

ओटा : देवा रे. त्यानं मला तपासलं.

हेडविका : समोर खरंच स्टेशन असतं तर तुम्ही ओरडला असतात. शिव्या घातल्या असतात त्यांना.

ओटा : घातल्याच असत्या. म्हातारचळ लागला का, म्हटलं असतं. पण... पण त्यानंतरही तो फोन घेत होता, हेडा. पाच गुरुवार. रागावला नाही, काही नाही. "दिला लाइन क्लियर," म्हणायचा. का घेत होता मग?

हेडविका : ठाऊक नाही. लिहिलेलं नाही. त्या पाच गुरुवारी एकोणीस गाड्या आल्या, एकोणीसच्या एकोणीस त्यांनी घेतल्या. गाडीचा नंबर आहे, वेळ आहे. फक्त लाइनीचा रकाना रिकामा आहे. एकाही गाडीला लाइन दिलेली नाही.

ओटा : तोंडानं सांगायचा की! "एक नंबर घ्या, ओटा."

हेडविका : सांगायचे. लिहीत नव्हते. खोटं लिहायची सवय नव्हती त्यांना.

ओटा : आणि तरी तुला म्हणाला, बुकोव्हे घरी ने.

हेडविका : शेवटच्या दिवशी. मी आता तोच विचार करतेय. बहुतेक त्यांना माहीत होतं की मी इथं येईन, तुम्ही कोलाच पुढे कराल आणि मग मला कळेल. स्वतः सांगून तुमच्याविरुद्ध एक शब्द त्यांना बोलायचा नव्हता.

ओटा : एवढा विचार केला असेल?

हेडविका : नाहीतर नुसतं घरी न्यायचं असेल. काही उरलंय का त्याचं?

(ओटा कपाटावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढतो. आत जुन्या मोज्यात गुंडाळलेली स्टेशनची इमारत, वीतभर लांबीची. छताच्या एका कोपऱ्याला कौलं नाहीत.)

ओटा : एवढंच. बाकीचं शेगडीत गेलं. घड्याळही आहे बघ, चारला थांबलेलं. त्यानंच तसं रंगवलं होतं. मी म्हणायचो, तुझ्या स्टेशनात कायम चारच वाजलेले.

हेडविका : मोजा कोणाचा?

ओटा : माझा. धुतलेला आहे.

हेडविका : मोजा तुम्हाला ठेवा. मी रुमालात घेते.

ओटा : हेडा, मी पूल काढतो तिथून. आत्ता काढतो. राडिमला बोलव, दोघं मिळून...

हेडविका : आणि तिथं काय ठेवाल?

ओटा : काहीच नाही. मोकळी ठेवीन जागा.

हेडविका : राहू दे पूल. चांगला झालाय. गाड्यांना कुठून तरी जावं लागेलच. मला एक गोष्ट करून द्या फक्त. हे पेन. ही वही अर्धवट राहिलीय.

ओटा : मी? त्याच्या वहीत?

हेडविका : स्टेशन बंद होताना शेवटची ओळ लागते. ती कशी लिहितात तुम्हाला ठाऊक आहे. एकदा सही केलीय तुम्ही तिच्याखाली.

ओटा : "बुकोव्हे कायमचं बंद. यापुढे... गाडी घेऊ नये." अक्षर वाकडं येतंय. लागेल ना?

हेडविका : लागेल.

ओटा : सही मी खालच्या बाजूला करतो. वरची जागा मास्तरची.

हेडविका : हो. ती रिकामी राहू दे.

ओटा : झाली. आणि... तारीख राहिली. एकोणीस मे घालतो, नाही का?

हेडविका : खरी घाला, काका. मार्चची.