थोरलीचं कालवण

रंभाजी : ...धिंड काढतो म्हनलं, धिंड! आज चार वाजता, खंडोबाच्या देवळापुढं. वाढ आजून वाईच रस्सा. लई झ्याक झालाय.

गीताबाई : आवो, पर कुनाची धिंड? आल्यापासनं नुसता घास आन शिव्या, घास आन शिव्या. नीट सांगा की.

रंभाजी : आगं, डोहातली थोरली गेली! बनुबाई सकाळी कनकेच्या गोळ्या घेऊन गेल्ती, रोजच्यावानी. बाकीच्या समद्या मासोळ्या काठाला आल्या. थोरलीचा पत्ता न्हाई. म्हातारी हाका मारून दमली. मग धुन्याच्या दगडामागं बघती, तर ही एवढाली खवलं पडल्याली! बंद्या रुपयावानी. हाणली कुनीतरी तिला.

गीताबाई : बया!

रंभाजी : हातभर लांब खडशी जातीची मासोळी. वठाला जुनी चीर. पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात कुना मुडद्यानं हिरीच्या सुरुंगाचा तोटा डोहात टाकला, तवा समदी मासळी पोट वर करून तरंगली. ही एकटी वाचली. तिच्या पोटच्या पिल्लांनी डोह पुना भरला. दोन वर्सं आमी राखला त्यो डोह. खंड्या आले, बगळे आले, गेल्या म्हैन्यात पाणमांजराची जोडी दिसली. आन आता तिलाच... मला तर घास जाईना.

गीताबाई : तिसरी तुकडी हाय ती.

रंभाजी : तरास झाला की मला भूक लागती, तुला ठावं हाय. पर काय बी म्हन, जावईबापूंनी मासळी आनली फर्मास. नगरच्या बाजारात आसला गोड मासा गावतो? गाभोळी तर काय सांगू, तोंडात इरघळली. कुठं हायत ते?

गीताबाई : जेवून वसरीवर पडल्यात. पहाटं केडगावहून निघालं हुतं, फटफटीवर आंग आंबलं. मी काय म्हनते...

रंभाजी : म्हन की.

गीताबाई : चोर घावला तर दंड काय हाय?

रंभाजी : इसरली का? गेल्या दिवाळीत समद्या गावानं बेलभंडारा उचलला. घरटी एक मानूस. माझ्या घरातलं कुनी डोहात गळ टाकनार न्हाई, जाळं टाकनार न्हाई. आन टाकलं, तर मारनारा, रांधनारा आन खानारा, तिघांनी मिरगापातूर डोहाची राखण करायची. भर उन्हात. नदी-राखण मंडळाचा अध्यक्ष म्हनून मीच सांगितलं हुतं, तिघांनी.

गीताबाई : तिघांनी व्हय.

रंभाजी : तिघांनी.

गीताबाई : मग बाहेरचं कुनी बोलवायला नको. मारनारा वसरीवर झोपलाय. रांधनारी तुमच्या म्होरं बसलीया. आन खानाऱ्यानं आत्ताच बोटं चाटली.

रंभाजी : ही थोरली?

गीताबाई : त्यांनी साफ करून, तुकडं करूनच आनली. मी इचारलं, नगरची का? तर नुसतं हसले. पिशवी झटकली तवा ही खवलं पडली, बघा. मी म्हनलं, नगरच्या माशाची खवलं मोठी असत्याल. तुमी आता बंद्या रुपयावानी म्हनला, तवा कळलं.

रंभाजी : आन तू मला तिसरी तुकडी वाढली?

गीताबाई : ती तुमी हातानं घेतली.

रंभाजी : गाभोळी खाल्ली म्या, गाभोळी! पेरनीच्या तोंडाला घरातलं बियानं दळून भाकरी केली तर लोक त्याला काय म्हनत्यात? पाऊस पडला की त्याच गाभोळीतनं हजार पिल्लं निघाली असती. आन म्या मिटक्या मारल्या.

गीताबाई : हळू बोला. हळू. आता माझं ऐका. गप बसायचं. खवलं चुलीत टाकते.

रंभाजी : गप कसं बसायचं? छगनचं जाळं दिवाळीपासनं आढ्याला टांगल्यालं हाय. रोज इचारतो, काय अध्यक्ष, किती दिस राखायचं? त्याला जर कळलं की थोरली माझ्या घरात शिजली, तर त्यो पैला पान्यात उतरंल. त्याच्यामागं समदे. जत्रा चार दिसावर आली. जत्रेच्या आदी डोहात डोळ्याला लावायला मासा ऱ्हानार न्हाई.

गीताबाई : आन जावयाचं नाव भर देवळात घेतलं तर? जावई म्हंजी दहावा ग्रह. उभ्या उभ्या फटफटीला किक मारतील. परवा शुभी आन तिची सायली एसटीनं यायच्या हायत. त्या यायच्या न्हाईत. पुना कंदी यायच्या न्हाईत. माझ्या पोरीचं म्हायेर एका माशापायी तोडता का?

रंभाजी : म्हंजी डोह राखू का लेक राखू, आसं झालं हे.

गीताबाई : थांबा. थांबा जरा. घरटी भंडारा उचलला न्हवं?

रंभाजी : व्हय.

गीताबाई : मग जावई कुठं आपल्या घरातले? ते केडगावचे. पाव्हनं. पाव्हन्यानं भंडारा उचलला न्हाई, पाव्हन्याला नियम न्हाई. देवळात सरळ सांगायचं, बाहेरचा मानूस हाय, त्याला ठावं नव्हतं.

रंभाजी : ...हां! बाहेरचा मानूस! ना त्याला दंड, ना आपल्याला ठपका. आगं, तू तर वकील व्हायची!

प्रवीण : मामा.

गीताबाई : आगं बाई! जावईबापू, उठला का? आवो, खुर्ची द्या. बसा. चहा टाकते. पंखा लावा आवो.

प्रवीण : लाइट नाहीये मामी. आणि मला खुर्ची नको. मी मघापासून दारात उभा आहे. बोटं चाटली, तिथपासून सगळं ऐकलं.

रंभाजी : मग तर बरंच झालं. तुमी काळजी करू नका, जावईबापू. तुमच्यावर काय बी येनार न्हाई. तुमी बाहेरचे.

प्रवीण : तेच ऐकलं.

गीताबाई : गैरसमज करू नका. तसं न्हाई...

प्रवीण : मामी, मला मासेमारीची हौस आहे, तुम्हाला माहीत आहे. कंपनीत दर रविवारी पोरं थट्टा करतात, प्रवीणभाऊ तळ्यावर जातात आणि ऊन खाऊन येतात. आज उजाडताना पुलावर गाडी थांबवली. डोह दिसला. म्हटलं, बघू. गळाला डब्यातल्या पोळीचा तुकडा लावला आणि दहा मिनिटांत हातभर मासा! मला वाटलं, माझा हात बसला. एवढा आनंद नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

रंभाजी : आवो, ती मानसाळलेली हुती! बनुबाईच्या हातावरचं खायची. गळाला कनीक बघून ती समजली, कुनी तरी आपल्याला जेवायला घालतंय. तिथं शेंबड्या पोरालाबी घावली असती.

प्रवीण : हं. ते आत्ता कळलं.

रंभाजी : वाईट वाटून घेऊ नका. म्हंजी घ्या, पर जास्ती नको.

प्रवीण : मला वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटतंय. गेल्या दिवाळीत मी इथंच होतो ना? तुम्ही सगळे देवळात निघालात. मी चप्पल घातली, तर तुम्ही म्हणालात, तुम्ही आराम करा जावईबापू, गावाचं काहीतरी किरकोळ आहे. हेच होतं ना ते? भंडारा उचलायचं?

रंभाजी : ...व्हय. हेच.

प्रवीण : एका शब्दानं सांगितलं असतं, तर मी पुलावर थांबलोच नसतो.

गीताबाई : आवो, जावयाला कुठं गावकीचा ताप द्यायचा? रीतच न्हाई तशी.

प्रवीण : नऊ वर्षं झाली लग्नाला, मामी. कंपनीत माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत. इथं आलो की मी शोकेसमधली बाहुली. उठलो की खुर्ची, बसलो की पाट. मागच्या वर्षी मामा पाय मुरगळून पडले होते. मी म्हटलं, बैल मी सोडतो. तुम्ही शेजाऱ्याला हाक मारलीत, पण मला दावं धरू दिलं नाही. शुभांगीला मी म्हणतो, तुझं माहेर फार प्रेमळ आहे, पण मला अजून त्यांनी घरात घेतलेलं नाही.

गीताबाई : आसं म्हनता? मी तर जिवाचा आटापिटा करते तुमच्यासाठी.

प्रवीण : म्हणूनच बोलायला धजलो नाही इतकी वर्षं. आज बोललो.

रंभाजी : जावईबापू, मी उगाच हुशार. गावाला सांगत फिरलो, डोह समद्यांचा. आन घरच्या मानसालाच सांगायचं ऱ्हायलं.

प्रवीण : चार वाजता सभा आहे ना? मीही येतो.

रंभाजी : नगं! लोक काय बी बोलत्यात. छगनच्या तोंडाला तर खळ न्हाई.

प्रवीण : बोलू देत. पण मामा, पाहुणा म्हणून सुटायचं नाही मला.

(ऊन कलल्यावर रंभाजी आणि प्रवीण देवळातून परत येतात. गीताबाई उंबऱ्यात वाट बघत उभी.)

गीताबाई : काय झालं? आवो, हसताय काय नुसतं? जीव टांगनीला लागलाय माझा.

रंभाजी : पानी दे आदी. सांगतो. म्या उभा राहिलो आन म्हनलं, मंडळी, चोर धुंडू नका. थोरली माझ्या घरात शिजली. म्या खाल्ली, गाभोळीसकट. आन खाताना चोराला शिव्याबी दिल्या.

गीताबाई : मग?

रंभाजी : मग छगन आसा हसला, आसा हसला, की टोपी पडली. म्हनला, चला, जाळं काढतो आता. मग सरपंचबाईनं मारनाऱ्याचं नाव इचारलं. म्या जावयाचं सांगितलं. बायकांतली रंगुबाई म्हनली, आरं, पाव्हना हाय की मग! एका घरचा जावई त्यो समद्या गावाचा जावई. सोडा त्याला. झालं, समद्यांनी माना डोलावल्या.

गीताबाई : खंडोबा पावला म्हनायचा.

रंभाजी : कशाचा पावतो! हे उभं राहिले. सांगा तुमीच.

प्रवीण : मी एवढंच म्हटलं, मला जावई म्हणून सोडणार असाल तर सगळ्यांच्याच जावयांना सोडावं लागेल. आणि छगनरावांना तीन जावई आहेत.

रंभाजी : तिघंबी पक्के मासेखाऊ! समदं देऊळ हसून लोळलं. शेवटी छगनच वराडला, द्या म्हनला दंड याला, द्या, न्हाईतर माझे तिघं डोह पिऊन टाकतील!

गीताबाई : आन कपाळाला पिवळं काय हे?

प्रवीण : भंडारा. मीही उचलला. उशिरा, पण उचलला.

गीताबाई : बनुबाई? ती काय म्हनली?

रंभाजी : पदर तोंडाला लावून बसली हुती. समदे हसले, ती हसली न्हाई.

प्रवीण : मी तिच्यापुढं जाऊन बसलो. म्हटलं, आजी, चुकलं माझं. ती म्हणाली, माझ्या हातावर विसंबून ती तुझ्याकडं आली रं. मला खरंच रडू आलं, मामी. भर देवळात.

गीताबाई : गं बाई.

रंभाजी : मग म्हातारी म्हनली, राखण करशील तर नुसतं दांडकं घेऊन बसू नको. कनीक मळायला शिक. तुझ्या हाताला गळाचा वास हाय. मासोळ्या चार दिस तुझ्याकडं यायच्या न्हाईत. आल्या की समज, माफ केलं.

प्रवीण : जत्रेचे सगळे दिवस मी डोहावर. बाहेरगावची माणसं येतात, तेव्हाच भीती जास्त. मग मिरगापर्यंतचे सगळे रविवार. केडगावहून गाडीवर येईन.

गीताबाई : सात रयवार! आन शुभी?

प्रवीण : सभेनंतर गाडीवर पुढच्या गावातल्या एसटीडीवर जाऊन आलो, केडगावच्या शेजाऱ्यांकडं फोन लावला. शुभांगी आधी चिडली, मग हसायला लागली. म्हणाली, सात रविवार माहेर? असे दंड अजून असतील तर विचारा.

रंभाजी : बाकीचे दिस दुपारची पाळी माझी. आन तुझी सुटका न्हाई, रांधनारे. रोज सकाळी बनुबाईसंगं गोळ्या.

गीताबाई : करीन की. रोज करीन. दोन चिमट्या हळद घालून करीन. पर जावईबापू, तुमी आता बसा. दमला असाल. चहा...

प्रवीण : नको मामी. अजून तासभर उजेड आहे. एक फेरी मारून येतो डोहावर. पीठ कुठं ठेवता?

गीताबाई : तुमी कशाला उठता, मी देते मळू...

रंभाजी : आगं, इचारतोय त्यो. सांग की.

गीताबाई : चुलीमागं, मोठ्या डब्यात हाय. परात फळीवर. आन प्रवीण, हात धुऊन घे आदी.