डिकीपुरती गाडी

सॅन अँटोनियोच्या भंगार यार्डात ग्रिसेल्डा जुना आरसा हातात घेऊन रांगेत उभी होती. तिच्या पुढचा म्हातारा काउंटरवरच्या रामिरोशी बोलत होता.

“चौऱ्याण्णवची इम्पाला गाडी आलीय का रे?”

“शहाण्णवची आहे, काका. काय काढायचंय तिचं?”

“काढायचं नाही, बसवायचंय. आमच्या पोरानं, नोएनं, घरी केलेला स्पीकरचा बॉक्स. फायबरचा.”

“मग त्याची गाडी कुठंय?”

“त्याला माती दिली आणि लगेच विकून टाकली. दारात बघवेना. बॉक्स तेवढा काढून घेतला. म्हटलं, माझ्या ट्रकमध्ये बसेल.”

“अरेरे, मला ठाऊकच नव्हतं. पण काका, ज्या डिकीत साचा घेतला, तिथंच बसतो तो.”

“आता कळलं ना. त्यावर ताणलेलं कापड त्याच्या आईच्या पांघरुणाचं. ती टाकूही देत नाही, आणि समोर दिसला की जेवत नाही.”

“शहाण्णवची डिकी तीच आहे, बसेल. पण तिला इंजिन नाही, चाकं नाहीत. वाजवायला बॅटरीसुद्धा नाही.”

“वाजवायचंय कुणाला? डिकीचं झाकण नीट लागतं ना, तेवढं सांग.”