मागे पडलेलं घड्याळ

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून आम्ही सगळे डोळे मिटून बसलो होतो. शेजारी एक आई आणि तिचा मुलगा हळू आवाजात बोलत होते.

"काल ऑफिसात एवढा वेळ कशात गेला रे?"

"फायली ठेवायचा नवा सर्व्हर डोमेनला, म्हणजे ऑफिसात सगळ्यांची ओळख तपासणाऱ्या यंत्रणेला, जोडत होतो, आई. मग ज्याला त्याला आपल्या नेहमीच्या पासवर्डने तिथल्या फायली उघडता येतात. पण डोमेन त्याला ओळखच देईना."

"का बरं?"

"त्याचं घड्याळ मागे होतं. वेळ जुळल्याशिवाय डोमेन कुणाला आत घेत नाही. घड्याळ लावलं, तसं मुकाट्याने घेतलं."

"बरं झालं."

"त्यावरून आठवलं, म्हणून घरी आल्यावर तुझ्या खोलीतलंही लावून टाकलं. किती तास मागे होतं ते."

"अरे, ते मागे नव्हतं. ताई परदेशात राहते ना, तिथल्या वेळेवर लावलेलं होतं. ते बघूनच मी तिला फोन करते."

"म्हणजे आज सकाळी..."

"भर झोपेतून उठवलं बिचारीला."

"चिडली असेल."

"नाही रे. झोपेतच म्हणाली, आई, मला घरी यायचंय. जागेपणी कधी म्हणत नाही."

"घरी गेल्यावर परत मागे करून ठेवतो."

"राहू दे चार दिवस."